आईंना बोट लागते, तरी कॅटामरानची फेरी घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: उष्ण कटिबंधातल्या एका किनारी शहरात तीन दिवसांचा मुक्काम, सोबत सत्तरीच्या आई आणि आठ वर्षांचा मुलगा. शहराच्या किनाऱ्यालगत दोन-अडीच तास फिरवून आणणारी शिडाची कॅटामरान, म्हणजे दोन धडांची बोट, घ्यायचा विचार आहे. जाहिरातीत सगळे निवांत लोळलेले दिसतात, पण आईंना बसमध्येसुद्धा मळमळतं. त्यांना झेपेल का, आणि कोणती फेरी निवडावी?

झेपेल, बहुतेक वेळा छान झेपेल. मात्र सध्या तुम्ही ज्या गोष्टींची तुलना करताय, म्हणजे कोणाची बोट नवी, कोणाच्या गाद्या पांढऱ्याशुभ्र, कोणाच्या फोटोत डॉल्फिन आहेत, त्यांचा निवांतपणाशी फारसा संबंध नाही. अशा पर्यटक फेऱ्यांच्या बोटी मी बरीच वर्षं चालवतोय. एकाच बोटीवर सकाळी नऊला लोक चक्क डुलक्या काढतात आणि दुपारी तीनला तिथेच निम्मे जण कठडा घट्ट धरून गप्प बसलेले असतात. बोट तीच, खलाशी तेच, समुद्र मात्र वेगळा. तेव्हा आधी वेळ निवडा आणि मग बोट.

आता कॅटामरानच का, ते बघू. दोन अरुंद धडं (पाण्यात तरंगणारे बोटीचे लांबट भाग), मध्ये मोकळी जागा आणि वरून दोघांना जोडणारी डेक, अशी तिची रचना. साधारण १२ मीटर लांबीच्या एकधडी शिडाच्या बोटीची रुंदी ४ मीटरच्या आसपास असते, तेवढ्याच लांबीची कॅटामरान साडेसहा-सात मीटर रुंद असते. एकधडी बोट चांगल्या वाऱ्यात १५-२० अंश सहज कलते. तिच्या दृष्टीने त्यात काही वावगं नाही, पण सवय नसलेला माणूस तिरक्या डेकवर दोन तास पाय रोवून बसला की थकून जातो. कॅटामरान त्याच वाऱ्यात सहसा चार-पाच अंशांपलीकडे जात नाही. बाकावर ठेवलेली पाण्याची बाटली जागची हलत नाही, आणि आईंना उठून सावलीत जावंसं वाटलं तर कोणाचा हात धरून त्या चालत जाऊ शकतात. वयस्कर माणसांसाठी माझ्या मते हा सगळ्यात मोठा फायदा आहे.

याची दुसरी बाजू जाहिरातीत कोणी सांगत नाही. एकधडी बोट सावकाश झुलते, कॅटामरान छोटे, तुटक हिसके देते. लाट बाजूने आली की आधी एक धड वर चढतं आणि ते उतरेपर्यंत दुसरं चढतं, त्यामुळे हालचालीला लय सापडत नाही. समोरून आखूड लाटा आल्या तर धडांच्या मधल्या पोकळीत पाणी उसळून डेकच्या पोटावर आपटतं. धप्प असा आवाज होतो आणि पायाखाली हादरा बसतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की बोट खडकावर आदळली. काही मोडलेलं नसतं, या बोटींचं ते नेहमीचंच आहे. आईंना निघण्यापूर्वीच हे सांगून ठेवा. घाबरलेल्या माणसाला बोट लवकर लागते.

इथे थोडं विषयांतर करतो. ही दोन धडांची कल्पना प्रशांत महासागरातल्या पॉलिनेशिया बेटांवरच्या लोकांची फार जुनी. अमेरिकेत नथानियल हेरेशॉफ या बोटबांधणीकाराने १८७६ मध्ये 'अमॅरिलिस' नावाची अशी बोट बांधली आणि न्यूयॉर्कच्या शर्यतीत तिने भल्याभल्या एकधडी बोटींना मागे टाकलं. पुढे काय, तर हरलेल्यांनी तक्रार केली आणि तिला शर्यतीतूनच बाद केलं! पर्यटकांना किनाऱ्यावरून घेऊन फिरवून आणायची पद्धत त्या मानाने अलीकडची. हवाई बेटांवर वुडी ब्राऊन यांनी १९४७ मध्ये 'मनु काई' ही कॅटामरान बांधली आणि वायकिकीच्या वाळूवरून लोकांना फिरवायला सुरुवात केली. आज जगभरातल्या उष्ण किनाऱ्यांवर जी 'सनसेट सेल', म्हणजे सूर्यास्ताची फेरी, विकली जाते, ती बरीचशी त्याच वळणाची आहे.

आता वेळेचं. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवले होते, ते इथे कामाला येतात. सकाळी जमीन तापायला लागते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरून हवा ओढली जाते. उष्ण किनाऱ्यांवर हे खारे वारे साधारण दहा-अकराच्या सुमारास सुरू होतात, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान जोरात असतात आणि सूर्य खाली यायला लागला की उतरतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि वारा उलटा, जमिनीकडून वाहू लागतो. म्हणून पहाटे आणि सकाळी लवकर किनाऱ्याजवळचं पाणी बहुतेक वेळा तुकतुकीत असतं.

यावरून हिशेब मांडा. सकाळची फेरी सगळ्यात शांत, पण शिडात वाराच नसतो, त्यामुळे बराच वेळ इंजिन चालतं. डिझेलचा वास आणि घरघर तुम्हाला चालणार असेल तर हरकत नाही. दुपारची फेरी शिडाच्या शौकिनांसाठी. वारा भरपूर, बोट पळते, तुषार अंगावर येतात, मजा येते, पण ती आईंसाठी नाही. संध्याकाळची, सूर्यास्ताच्या दोन तास आधी निघणारी फेरी या दोन्हींच्या मधली. वारा उतरत आलेला, तरी शीड भरण्याइतका असतो. फक्त एक लक्षात ठेवा: वारा पडला तरी त्याने उठवलेल्या लाटा लगेच मरत नाहीत, त्या तास-दोन तास रेंगाळतात. दुपारी खूप वारा सुटलेला असेल तर संध्याकाळचा पहिला भाग हलताच असणार.

व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यातल्या बेटांवर हे गणित थोडं बदलतं. तिथे वारा दिवसरात्र जवळपास एकाच बाजूने, पूर्वेकडून वाहतो. शहर बेटाच्या आडोशाच्या बाजूला असेल तर किनाऱ्यालगतचं पाणी वारा असूनही सपाट मिळतं. शहर वाऱ्याच्या तोंडावर असेल तर तिथे खोल समुद्रातून आलेल्या लांब लाटा थेट पोहोचतात, आणि अशा ठिकाणी आईंसाठी मी बंदराच्या किंवा खाडीच्या आतली फेरी सुचवेन. नकाशा उघडून शहर कोणत्या बाजूला आहे एवढं पाहिलं तरी निम्मा अंदाज येतो.

वाऱ्याबद्दल आणखी एक गोष्ट प्रवाशांना नेहमी कोड्यात टाकते. समजा वारा १२ नॉटचा आहे, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर, आणि बोट ६ नॉटने चालली आहे. वाऱ्याच्या दिशेनेच चाललात तर अंगाला फक्त ६ नॉट लागतो. समुद्र मऊ वाटतो, ऊन मात्र चटकतं. तीच बोट वळून वाऱ्यावर चढू लागली, म्हणजे वारा येतो त्या बाजूला जाऊ लागली, की अंगाला १६-१७ नॉट लागतो, लाटा समोरून येतात, तुषार उडतात आणि मघाशी घाम पुसणारी माणसं शाल शोधतात. हवामान बदललेलं नसतं, बदललेली असते फक्त दिशा. म्हणून शहाणा कप्तान आधी वाऱ्यावर चढतो, लोक ताजेतवाने असताना अवघड भाग उरकून घेतो आणि परतीला वारा पाठीवर घेतो. काही ठिकाणी किनाऱ्याच्या ठेवणीमुळे हे जमत नाही, तो भाग वेगळा. पण बुकिंग करताना 'जाताना वारा समोरून की येताना?' असं विचारून बघा. पलीकडच्या माणसाला प्रश्नच कळला नाही तर तो समुद्रावर जात नसावा. मग कप्तानाशी बोलणं करून द्या म्हणावं.

शहराच्या किनाऱ्याची स्वतःची काही वैशिष्ट्यं असतात. उंच इमारतींच्या आडोशाला वारा तुटतो. बोट एका टॉवरच्या सावलीत संथ होते आणि पुढच्या फटीतून एकदम झोत येतो. प्रवासी बोटी, जहाजं ओढणारे टग, वेगाने जाणाऱ्या स्पीडबोटी यांच्या लाटा वाऱ्याशी संबंध नसताना मधूनच येतात. पण शहरी बंदरातली सगळ्यात त्रासदायक जागा म्हणजे बंदराचं किंवा खाडीचं तोंड. ओहोटीचं पाणी वेगाने बाहेर पडत असतं आणि त्याच वेळी खारा वारा बाहेरून आत येत असतो. पाणी आणि वारा समोरासमोर भिडले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. बाहेरचा समुद्र बरा, आतलं पाणी बरं, आणि मधली दहा-पंधरा मिनिटं नुसती आदळआपट. बोट लागणाऱ्यांपैकी अनेकांना ती तिथेच लागते. बोट बंदराच्या आतून सुटत असेल तर त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. तोंडातून जाताना भरती सुरू असेल किंवा पाणी थांबलेलं असेल तर उत्तम.

पौर्णिमेचा विषय निघणारच, कारण पौर्णिमेच्या फेऱ्या आवर्जून विकल्या जातात. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्ताच्याच सुमारास उगवतो. तुमचं शहर पूर्वेकडे तोंड करून असेल तर सूर्य समुद्रात बुडताना दिसणार नाही, तो इमारतींमागे मावळेल. त्यात निराश होण्यासारखं काही नाही. इमारतींच्या काळ्या आकृतींमागे लाल आभाळ आणि दुसऱ्या बाजूला पाण्यातून वर येणारा चंद्र, असा योग पश्चिमेच्या किनाऱ्यावर मिळत नाही. पुढच्या दिवसांत चंद्रोदय दररोज सुमारे पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा होत जातो, म्हणून पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी गेलात तर चंद्र येईपर्यंत तुम्ही धक्क्यावर परतलेले असाल. आदला दिवस चालतो, चंद्र आधीच वर आलेला असतो. पण याच दिवसांत आणि अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती-ओहोटी असते, पाण्याचे प्रवाह जोरकस असतात, आणि वर सांगितलेलं बंदराचं तोंड जास्त खवळतं. चंद्र हवा असेल तर किनाऱ्यावरून थेट सुटणारी फेरी घ्या, बंदरातून सुटणारी टाळा.

पाऊस आणि वादळी सर यांची भीती बाळगू नका, पण तिची कल्पना असू द्या. उष्ण कटिबंधात दुपारनंतर ढग उंच वाढतात आणि वीस-तीस मिनिटांची जोरदार सर येऊन जाते. ती यायच्या आधी ढगाखाली काळी, सरळ रेघ दिसते, हवा अचानक गार लागते आणि मग झोत येतो. इथे कॅटामरानचा एक स्वभाव माहीत असायला हवा. एकधडी बोट जास्त कलून कप्तानाला इशारा देते की शीड जास्त झालं. कॅटामरान कलतच नाही, म्हणून इशाराही देत नाही. तोल सावरायची तिची सगळी ताकद वाऱ्याकडचं धड पाण्यातून सुटेपर्यंत असते आणि हे साधारण दहा-बारा अंशांच्या आसपास घडतं. त्यानंतर ताकद झपाट्याने कमी होते, आणि उलटली तर ती आपोआप सरळ होत नाही. त्यामुळे तिचा कप्तान कलण्यावर न जाता वाऱ्याचा आकडा पाहून शीड आखडतो. पर्यटकांच्या बोटींवर मुळात शीड बेताचंच ठेवलेलं असतं, त्यामुळे उलटण्याची चिंता करत बसायचं कारण नाही. लांबवर ढग दिसताच कप्तानाने शीड उतरवून इंजिन चालू केलं, तर 'एवढ्यात कशाला?' म्हणू नका. वीज कडाडत असेल तर धातूच्या डोलकाठीला आणि तारांना हात लावू नका, आत बसा. आणि फेरी रद्द झाली तर त्या मालकाबद्दल चांगलं मत बनवा. माझा तर सरळ हिशेब आहे: जो कधीच फेरी रद्द करत नाही, त्याच्या बोटीवर मी माझ्या घरच्यांना पाठवणार नाही.

फोनवर आणखी दोन-तीन गोष्टी विचारून घ्या. परवान्यात किती माणसांची मुभा आहे हे न विचारता त्या दिवशी प्रत्यक्षात किती जण असतील आणि सावलीत किती जण बसू शकतात हे विचारा. परवान्याची संख्या सुरक्षिततेची असते, आरामाची नाही. शीड प्रत्यक्षात किती वेळ वर असतं तेही विचारा. काही बोटींवर डोलकाठी शोभेला असते आणि सगळी फेरी इंजिनावर होते. मोठ्या आवाजात संगीत असतं का, हेही. नाचगाण्याच्या बोटींना माझा विरोध नाही, पण तुमच्या तिघांसाठी त्या नाहीत. मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, याचं उत्तर 'आहे' असं तत्काळ आलं पाहिजे. 'बघतो, असेल' हे उत्तर चालणार नाही.

चढायचं कुठून, हे आईंसाठी सर्वांत महत्त्वाचं. लोक समुद्राला घाबरतात, पण घसरणं आणि मुरगळणं मी बहुतेक वेळा चढता-उतरतानाच पाहिलंय. काही फेऱ्या वाळूवरून सुटतात. बोट नाळ, म्हणजे पुढचं टोक, पुढे करून किनाऱ्याला येते, दोन धडांच्या मधून शिडी खाली सोडतात आणि तुम्ही गुडघाभर पाण्यातून चालत चढता. लाट मागे सरली की खलाशी 'या' म्हणतो, तेव्हाच निघायचं. तरण्यांना हे मजेचं वाटतं. सत्तरीच्या माणसाने गुडघे दुखत असताना ते करू नये, धक्क्यावरून सुटणारी बोट घ्यावी. धक्क्यावरही बोट वरखाली होत असते. हातातली पिशवी आधी खलाशाकडे द्यायची, दोन्ही हात मोकळे ठेवायचे. खलाशाची बोटं न धरता त्याचं मनगट धरायचं, म्हणजे तोही तुमचं मनगट पकडतो आणि ओला हात निसटत नाही. बोट वर येऊन क्षणभर थांबते, त्या क्षणी एक पाय टाकायचा आणि दुसरा लगेच आत घ्यायचा. एक पाय धक्क्यावर आणि एक बोटीवर ठेवून विचार करत उभं राहायचं नाही. आधाराला डोलकाठीच्या बाजूच्या जाड तारा धरायच्या. कडेने लावलेली बारीक दोरी किंवा तार डुगडुगते, तिच्यावर भार टाकायचा नाही. चपला बहुतेक ठिकाणी काढायला लावतात. डेक तापलेली असेल तर आईंना घट्ट बसणारे, पांढऱ्या तळाचे रबरी बूट चालतील का, हे आधी विचारून ठेवा.

बसायची जागा. सगळ्यांना पुढची जाळी हवी असते, दोन नाळांच्या मधे ताणलेली, खाली पाणी पळताना दिसतं. मुलगा तिथे रमेल, आणि त्याच्यासोबत एका मोठ्या माणसाने तिथे असायलाच हवं. पण बोटीचं पुढचं टोक सगळ्यात जास्त वरखाली होतं, आणि जाळीवर लाटेचा शिडकावा खालून येतो. फोन, किल्ल्या, चष्मा जाळीच्या भोकांतून थेट समुद्रात जातात. परत मिळत नाहीत. आईंसाठी जागा मागच्या भागात, मध्याच्या जवळ, शक्य तितकी खाली आणि सावलीत. तिथे हालचाल सगळ्यात कमी. नजर पुढे, क्षितिजावर किंवा शहराच्या इमारतींवर. किनाऱ्यालगतच्या फेरीचा हाच फायदा, नजरेला न हलणारं काहीतरी सतत मिळतं. इंजिन चालू असेल तेव्हा धूर कुठल्या बाजूला येतोय ते बघून जागा बदला. वारा पाठीमागून असताना धूर बोटीसोबतच चालतो आणि मळमळणाऱ्याला तोच पुरेसा होतो. खालच्या केबिनमध्ये आईंना पाठवू नका, अगदी 'जरा पडते' म्हणाल्या तरी. डोळे बंद करून वर मोकळ्या हवेत पडायला सांगा.

बोट का लागते? कानाच्या आतला तोलाचा अवयव सांगतो की आपण हलतोय, डोळे जवळच्या न हलणाऱ्या वस्तूकडे पाहून सांगतात की हलत नाही, आणि या भांडणात पोट भरडलं जातं. फोनमध्ये डोकं घातलं की हमखास होतं. दोन ते बारा वर्षांची मुलं यात सगळ्यात नाजूक असतात, त्यामुळे तुम्ही फक्त आईंची काळजी करताय, पण चिरंजीवांकडेही लक्ष असू द्या. जांभया, गप्प होणं, चेहरा पांढुरका पडणं, थंड घाम ही त्याची पहिली खूण. त्या वेळी त्याला जाळीवरून उचलून मागे आणा, गार वारा लागू द्या, लांबवरची एखादी इमारत दाखवून तिच्याकडे बघायला सांगा.

गोळी घ्यायची तर आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. डायमेनहायड्रिनेट निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास, मेक्लिझीन साधारण एक तास आधी. दोन्हींनी गुंगी येते. कानामागे लावायची स्कोपोलामीनची पट्टी किमान चार तास आधी लावावी लागते, पण सत्तरीच्या माणसाला ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात लावू नका. काचबिंदू असेल किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर ती धोक्याची ठरते आणि वयस्करांना तिने गोंधळल्यासारखं होऊ शकतं. गोळ्यांबद्दलही आईंची रोजची औषधं सांगून डॉक्टरांना विचारा, मुलाचा डोस वेगळा असतो तोही विचारा. आल्याचा काहींना उपयोग होतो, काहींना होत नाही, पण त्याने बिघडत नाही. रिकाम्या पोटी जाऊ नका, तडस लागेपर्यंत जेवूनही जाऊ नका. आणि एवढं करूनही उलटी होईल असं वाटलं तर टॉयलेटकडे धावायचं नाही. ती बंदिस्त, हलती, वासाची जागा असते, तिथे गेलेला माणूस आणखी आजारी होऊन बाहेर येतो. खलाशाला सांगायचं, तो वाऱ्याआडच्या बाजूच्या कठड्याला नेऊन मागून धरतो किंवा पिशवी देतो. वाऱ्याकडच्या बाजूला वाकलं तर सगळं परत अंगावर येतं, आणि शेजाऱ्यांच्याही. यात लाजण्यासारखं काही नाही, खलाशांना ते रोजचं असतं.

उन्हाबद्दल थोडक्यात. बोटीवर वारा लागतो म्हणून ऊन जाणवत नाही, त्वचा मात्र भाजत असते. पाण्यावरून आणि पांढऱ्या डेकवरूनही किरण परत येतात. शिडाच्या सावलीत जागा धरली आणि बोटीने दिशा बदलली की सावली समोरच्याकडे जाते. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि गळ्याशी बांधता येणारी टोपी हे मलमापेक्षा भरवशाचं. सनस्क्रीन लावायचं तर धक्क्यावरच, घरून निघतानाच लावलं तर आणखी चांगलं. डेकवर फवारा मारला की सगळी डेक निसरडी होते आणि आम्ही मनातल्या मनात चरफडतो. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही प्रवाळाला घातक मानली जाणारी रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईमध्ये २०२१ पासून बंदी आहे, पलाऊ या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशामध्ये २०२० पासून अशीच बंदी लागू झाली. प्रवाळ असलेल्या किनाऱ्यावर जाणार असाल तर बाटलीवरचा मजकूर वाचून घ्या. दारू मिळत असेल तर निदान शीड उतरेपर्यंत थांबलेलं बरं, ऊन आणि हलती बोट यांच्यासोबत ती लवकर चढते.

शीड चढवताना-उतरवताना मुलाला बघू द्या, त्याला ते आवडेल. फक्त शिडाच्या तळाच्या आडव्या दांड्याच्या आवाक्यात उभं राहू द्यायचं नाही आणि दोर गुंडाळणाऱ्या चरकीजवळ बोटं न्यायची नाहीत. खलाशी दोर ओढून घाम पुसतो, तोवर दोरात एका माणसाच्या वजनापेक्षा जास्त ताण आलेला असतो.

सूर्यास्त उष्ण कटिबंधात झरझर उरकतो, कारण सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. विषुववृत्ताजवळ कड क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो आणि त्यानंतर वीस-बावीस मिनिटांत बऱ्यापैकी अंधार होतो. फोटो काढणारे सूर्य बुडताच कॅमेरा बंद करतात, खरी मजा त्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत असते. आभाळ अजून निळं असतं आणि शहराचे दिवे लागलेले असतात. क्षितिज अगदी स्वच्छ असेल तर शेवटच्या कडेला क्षणभर हिरवी चमक दिसते. ती खरी आहे, वातावरणातून प्रकाश वाकताना रंग वेगळे होतात म्हणून ती दिसते. पण शेवटची कड उरेपर्यंत सूर्याकडे टक लावून बघू नका. परतताना अंधारात बोटीच्या डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा असेल. मुलाला आधी सांगून ठेवा आणि समोरून येणारी बोट कोणत्या बाजूने जातेय हे दिव्यांवरून ओळखायला लावा. परतीचा वेळ मुलांना कंटाळवाणा होतो, त्यात हा खेळ चांगला चालतो.

तुमच्यासाठी मी असं ठरवेन: पहिल्या संध्याकाळी नको, प्रवासाने शिणलेल्या माणसाला बोट लवकर लागते. दुसऱ्या संध्याकाळचं बुकिंग करा आणि तिसरी मोकळी ठेवा, म्हणजे हवामानामुळे फेरी पुढे गेली तरी चुकणार नाही. धक्क्यावरून सुटणारी, वीसच्या आतबाहेर माणसांची, दोन तासांची फेरी. अडीच-तीन तासांची स्वस्त पडत असली तरी पहिल्या वेळी नको. त्या दिवशी दुपारी चारला किनाऱ्यावर जाऊन समुद्राकडे बघा. लांबवर पांढरे फेस एखाद-दुसरेच दिसत असतील तर निर्धास्त जा. सगळीकडे पसरलेले दिसत असतील तर वारा साधारण १५ नॉटच्या पुढे आहे असं समजा, मालकाला फोन करून दुसऱ्या दिवसावर ढकला. चांगला मालक कुरकुर न करता ढकलतो.

उतरल्यावर आईंना जमीन हलतेय असं वाटेल, विशेषतः रात्री आंघोळ करताना डोळे मिटले की. बहुतेकांना थोडंफार असं होतं आणि झोपून उठेपर्यंत जातं. त्या रात्री बाथरूममध्ये आधाराला हात धरायला काहीतरी असू द्या. दोन-तीन दिवसांनीही तसंच वाटत राहिलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा.